लॅपटॉपबाहेरचं ग्राफिक्स कार्ड

जबलपूरच्या डुमना विमानतळाच्या रस्त्यावर २००५ साली स्थापन झालेली ट्रिपल आयटी आहे. तिथे संगणकाबरोबर डिझाइन आणि उत्पादनही शिकवतात. तिथल्या विद्यार्थ्याने एखाद्या यंत्राचा त्रिमितीय आराखडा पातळ लॅपटॉपवर फिरवायला घेतला, की चित्र अडखळतं आणि पंखा घरघरू लागतो. त्यात लॅपटॉपचा दोष नाही. दमदार ग्राफिक्स कार्ड दोनशे-तीनशे वॅट वीज खातं. पातळ लॅपटॉपचा चार्जर बहुधा पासष्टचा!

म्हणून कार्ड बाहेरच्या पेटीत बसवायचं. पेटीला स्वतःचा वीजपुरवठा असतो आणि थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या एका केबलने ती लॅपटॉपला जोडतात. खरी मेख या केबलीत आहे. थंडरबोल्ट ३ वरून कार्डाला सेकंदाला फार तर ३२ गिगाबिट मिळतात. डेस्कटॉपमधल्या, कार्ड बसवायच्या पीसीआयई ४ च्या पूर्ण रुंदीच्या खाचेत सुमारे २५६. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग, म्हणजे आराखड्याचं चित्र तयार करताना माहिती एकदा कार्डाच्या मेमरीत गेली की पुढचं गणित तिथेच चालतं, त्यामुळे फारसं अडत नाही. गेममध्ये मात्र सतत ये-जा असते. तयार चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर परत आणलं तर वेग आणखी घटतो, म्हणून मॉनिटर थेट कार्डाला जोडावा.

मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून हवा खेळती राहील अशी पेटी ठेवा, भिंतीला चिकटवून नको. पेटी विकत घेण्याआधी लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टशेजारी थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह आहे का आणि कंपनीच्या माहितीपत्रकात थंडरबोल्ट लिहिलंय का, ते तपासा. घरी डेस्कटॉप असेल, तर पेटीवर पैसे घालू नका. कार्ड सरळ त्यातच बसवा.