सिस्टरचे अश्रू कोण पुसणार?

रात्रपाळीत अतिदक्षता विभागातला एखादा रुग्ण दगावतो. नातेवाइकांचा आक्रोश सुरू होतो. सिस्टर नळ्या काढते, चादर बदलते, कागदपत्रे पुरी करते आणि पाचच मिनिटांत शेजारच्या खाटेवरच्या आजींना हसून विचारते, "काय आजी, झोप नाही येत?" पण तिला स्वतःला काय वाटतेय, हे कोण विचारते?

बेंगळुरूमध्ये ख्रिस्ती संस्थांनी उभारलेल्या रुग्णालयांत यासाठी एक माणूस असतो, चॅप्लेन. हेब्बाळचे बॅप्टिस्ट हॉस्पिटल (१९७३) आणि सेंट जॉन्स ही त्यातली मोठी नावे. चॅप्लेन म्हणजे रुग्णालयातला धर्मसेवक. तो मुख्यतः रुग्ण व नातेवाइकांना धीर देतो; पण रोज वॉर्डात वावरल्यामुळे कर्मचाऱ्यांचे उतरलेले चेहरेही त्याला दिसतात.

उपदेश नव्हे, ऐकणे

सिस्टर वरिष्ठांपुढे रडली तर ती 'कच्ची' ठरेल, ही भीती असते. चॅप्लेन तिचा वरिष्ठ नसतो. ऐकलेले स्वतःपाशी ठेवणे हा त्याच्या कामाचा नियम. जिवाला धोका असेल तरच अपवाद. समोरचा कोणत्याही धर्माचा असो, आपला धर्म त्याच्यावर लादायचा नाही, हेही त्याला शिकवलेले असते. या प्रशिक्षणाचा पाया अँटन बॉयसन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील वूस्टरच्या मनोरुग्णालयात घातला. ते स्वतः मनोविकारातून गेले होते! आजही प्रशिक्षणार्थी रुग्णाशी झालेले संभाषण लिहून काढतात आणि आपण कुठे ऐकायचे सोडून बोलत सुटलो, हे तपासतात.

एका मिनिटाची शांतता

अमेरिकेतच व्हर्जिनियातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी एकदा पाहिले, की रुग्ण दगावल्यावर चॅप्लेनने सर्वांना थांबवून प्रार्थना केली. त्यांना वाटले, हे प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेप्रमाणे करता यायला हवे. तेव्हापासून ते सहकाऱ्यांना मृताच्या खाटेभोवती मिनिटभर स्तब्ध उभे राहायला सांगू लागले. ही प्रथा पुढे अनेक रुग्णालयांनी उचलली. तिला ना खर्च, ना यंत्र.

मर्यादाही ओळखा

कामाच्या सततच्या ताणाने येणारा थकवा, कामाचा तिटकारा आणि 'माझ्याने काही होत नाही' ही भावना यांची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट' म्हणून नोंद घेतली. दोन सिस्टरांचे काम एकीवर लादायचे आणि मग चॅप्लेनला धाडायचे, हा त्यावरचा इलाज नव्हे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले तर डॉक्टरच हवा. बेंगळुरूच्याच निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही मोफत सेवा चालते, क्रमांक १४४१६.

तुमच्या घरातही कुणी सिस्टर, वॉर्डबॉय वा डॉक्टर असेल. ती पाळीवरून आली, की लगेच "भाजी काय करायची?" असे विचारू नका. चहाचा कप हाती द्या आणि म्हणा, "आजचा दिवस कसा गेला?" मग सल्ला न देता पाच मिनिटे नुसते ऐका. एवढे चॅप्लेनपण आपल्यालाही जमेल.