निकालाला तारीख नसते तेव्हा

दर रविवारी रात्री साडेआठला न्यू जर्सीतल्या एडिसनहून धाकट्या बहिणीचा फोन येतो आणि आई पहिला प्रश्न विचारते, "लागला का गं निकाल?" सप्टेंबरपासून हे चाललंय. भाचीने अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांना अर्ज केले आहेत. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. एका कॉलेजचा होकार आला, दुसऱ्याने वेटलिस्टवर ठेवलं आणि तिसऱ्याकडून अजून काहीच कळलेलं नाही. आईला हे पटत नाही. परीक्षा झाली, मुलाखत झाली, तर निकाल का लागत नाही?

तिचा प्रश्न तिच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे मेडिकलचा प्रवेश कितीही जीवघेणा असला तरी त्याला तारखा असतात. नीटचा निकाल अमुक दिवशी, सीईटी सेलची यादी तमुक दिवशी, मग पहिली फेरी, दुसरी फेरी. कोणत्या कॉलेजची यादी किती गुणांवर थांबली हे सगळ्या गावाला कळतं. नंबर लागला नाही तर का लागला नाही हेही त्या आकड्यात दिसतं. अमेरिकेत असा एक दिवस नाही आणि असा एक आकडाही नाही.

आधी 'ऑस्टिओपॅथी' या शब्दाचा घोळ मिटवायला हवा. लंडन किंवा सिडनीत ऑस्टिओपॅथ म्हणजे हातांनी सांधे आणि स्नायूंवर उपचार करणारा. तो शस्त्रक्रिया करत नाही. अमेरिकेत शिकलेला ऑस्टिओपॅथिक डॉक्टर, म्हणजे डीओ, मात्र पूर्ण डॉक्टर असतो. तिथे पदवीनंतर चार वर्षांचं मेडिकल कॉलेज असतं आणि त्यातून दोनपैकी एक पदवी मिळते, एमडी किंवा डीओ. (तिथली एमडी ही आपल्या एमबीबीएससारखी पहिली वैद्यकीय पदवी, आपली पदव्युत्तर एमडी नव्हे.) डीओच्या विद्यार्थ्याला इतर सगळ्या विषयांच्या जोडीला साधारण २०० तास हातांनी तपासण्याचं आणि उपचार करण्याचं शिक्षण मिळतं. पुढे तो हृदयरोगतज्ज्ञ होऊ शकतो, सर्जन होऊ शकतो. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले व्हाइट हाउसचे डॉक्टर शॉन कॉन्ली आणि बायडन यांचे डॉक्टर केविन ओ'कॉनर, दोघेही डीओ.

हा मान सहज मिळालेला नाही. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरची तीन मुलं १८६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावली. पारा आणि अफूवर चालणाऱ्या तेव्हाच्या औषधोपचारावरचा त्यांचा विश्वास उडाला. १८९२ मध्ये त्यांनी मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज काढलं. पुढची ऐंशी वर्षं झगड्याची गेली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर ६५ डॉलर भरून डीओंना एमडी करून घेण्याची मोहीम झाली. सैन्यात डॉक्टर म्हणून डीओंना १९६६ मध्ये प्रवेश मिळाला. मिसिसिपी या शेवटच्या राज्याने १९७३ मध्ये त्यांना पूर्ण परवाना दिला. आज अमेरिकेतल्या मेडिकल विद्यार्थ्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक डीओच्या वाटेवर आहेत. २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला, एकच मान्यता-व्यवस्था आहे.

आता वाट पाहण्याबद्दल. डीओ कॉलेजांसाठी एकच सामाईक अर्ज असतो, त्याला 'अ‍ॅकोमास' म्हणतात. तो मे महिन्यात उघडतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाठवता येतो. कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय, त्याचं क्रेडिट, त्याची ग्रेड हे सगळं विद्यार्थ्याने स्वतः भरायचं. मग ते मूळ ट्रान्स्क्रिप्टशी ताडून पाहिलं जातं आणि त्यात काही आठवडे जातात. त्यानंतर कॉलेजागणिक वेगळा दुय्यम अर्ज, त्याची वेगळी फी, वेगळे निबंध. ऑगस्ट-सप्टेंबरपासून मुलाखती सुरू होतात आणि वसंत ऋतूपर्यंत चालू राहतात.

गुंतागुंत पुढेच आहे. सगळ्या मुलाखती संपल्यावर एक यादी लागत नाही. प्रवेश समिती ठरावीक काळाने बसते, समोर आलेल्यांपैकी काहींना होकार देते, काहींना नकार आणि उरलेल्यांना राखून ठेवते. जागा वर्षभर भरत जातात, म्हणून सप्टेंबरातल्या मुलाखतीला मार्चमधल्या मुलाखतीपेक्षा जास्त वाव असतो. होकार मिळालेली बरीच मुलं दुसरीकडे जाणार हे कॉलेजला माहीत असतं. त्यामुळे जागांपेक्षा जास्त होकार दिले जातात आणि तरीही पाठीशी वेटलिस्ट ठेवली जाते. ती यादी हलते एप्रिलनंतर, कधी थेट वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात. काही कॉलेजं वेटलिस्टवरचा क्रमांक सांगतात, काहींच्या यादीला क्रमांकच नसतो. क्रमांक असूनही तो न सांगणं मला अन्यायाचं वाटतं. बावीस वर्षांच्या मुलीला भाड्याच्या घराचा करार करायचा आहे की नाही, एवढं तरी कळायला हवं.

त्यात पैशाचा पेच. एमडी कॉलेजं नेहमीचे होकार १५ ऑक्टोबरच्या आधी देत नाहीत. डीओ कॉलेजं त्याआधीही देतात. ज्यांनी दोन्हीकडे अर्ज केले त्यांच्या हातात शरद ऋतूत डीओचा होकार असतो आणि एमडीचं उत्तर अजून कित्येक महिने लांब. जागा राखायला डीओ कॉलेज हजार-दोन हजार डॉलरही मागू शकतं, आणि ही रक्कम बहुधा परत मिळत नाही. एमडी कॉलेजांच्या संघटनेच्या नियमावलीत अनामत १०० डॉलरपर्यंतच आणि ३० एप्रिलपर्यंत परत मिळणारी असावी असं म्हटलं आहे. डीओ कॉलेजांनी हाच दंडक स्वीकारावा. मध्यमवर्गीय घराला हजार डॉलर केवळ धीर विकत घेण्यासाठी मोजावे लागू नयेत.

मध्यंतरी आईने भाचीलाच विचारलं, "टक्के किती गं तुझे?" ती म्हणाली, "आजी, थ्री पॉइंट सिक्स." चारपैकी ३.६ म्हणजे नव्वद टक्के, असा आमच्याकडे लगेच हिशेब झाला. तो चुकीचा आहे. ही सरासरी टक्क्यांची नसून ग्रेडची आहे. ए म्हणजे ४, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी म्हणजे ३. शिवाय प्रत्येक ग्रेडला क्रेडिटचं वजन असतं. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी आणि एका क्रेडिटच्या प्रयोगशाळेत ए मिळाला तर सरासरी साडेतीन येत नाही, ३.२ येते. अमेरिकेत साधारणपणे ७८ टक्क्यांना सी प्लस देतात. आपल्याकडे एमबीबीएसला ५० टक्क्यांना पास आणि ७५ च्या वर डिस्टिंक्शन, म्हणजे त्याच ७८ टक्क्यांना पेढे वाटले जातात. दोन्हीकडची पट्टीच वेगळी, तेव्हा आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

पट्टी मध्येच बदलतेही. २०१७ पर्यंत अ‍ॅकोमासमध्ये एखादा विषय पुन्हा घेतला की जुनी ग्रेड पुसली जाई. पहिल्यांदा सी आणि दुसऱ्यांदा ए मिळाला तर ४ धरत. आता दोन्ही धरतात, म्हणजे ३. उशिरा सावरलेल्या मुलांसाठी डीओचा दरवाजा जरा मोकळा असे, तो या एका नियमाने आक्रसला. आज डीओ कॉलेजात प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साधारण ३.६ आणि एमकॅट या प्रवेश परीक्षेत साधारण ५०४ गुण असतात. एमडीकडे हे आकडे ३.८ आणि ५१२ च्या आसपास आहेत. एमकॅटची श्रेणी ४७२ ते ५२८ ही असल्याने हा फरक दिसतो तेवढा लहान नाही.

होकार हातात आल्यावर बहिणीने विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला: "आत गेल्यावर हे लोक गुण कसे देतात?" कारण वाट पाहण्याच्या काळात मुलं फक्त 'घेतील का' एवढाच विचार करतात. कॉलेजाकॉलेजात ग्रेडिंगची तऱ्हा वेगळी असते. कुठे ए-बी-सी, कुठे टक्के आणि ७० च्या खाली नापास, कुठे ऑनर्स, हाय पास, पास अशा पायऱ्या, तर कुठे नुसतं पास-नापास. येलच्या मेडिकल कॉलेजने १९२०-३० च्या दशकांतच ग्रेड आणि क्रमवारी सोडून दिली आणि तिथून उत्तम डॉक्टर बाहेर पडत राहिले.

नुसतं पास-नापास ठेवलं तर मुलं अभ्यास करतील का, ही पालकांची शंका. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने ग्रेडवाली तुकडी आणि तिच्यानंतरची पास-नापासवाली तुकडी ताडून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुणवत्तेत लक्षणीय फरक आढळला नाही, मुलांचं मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारलं. २०११ मध्ये सात मेडिकल कॉलेजांच्या अभ्यासातही तीन किंवा अधिक पायऱ्यांच्या ग्रेडिंगखाली शिकणाऱ्या मुलांमध्ये ताण आणि थकवा जास्त आढळला. माझं मत या बाजूचं आहे. पहिली दोन वर्षं शरीररचना, जीवरसायन, औषधशास्त्र यांचा डोंगर चढायचा असतो, तिथे शेजारच्या बाकावरचा मित्र प्रतिस्पर्धी होऊ नये.

पण पास-नापासच्या पाटीमागे बघावं लागतं. काही कॉलेजं गुणपत्रिकेवर 'पास' लिहितात आणि आत गुणांवरून क्रमवारी लावतात. हीच क्रमवारी चौथ्या वर्षी रेसिडेन्सीच्या शिफारसपत्रात उतरते. मुलाला वाटतं की आपण शर्यतीत नाही, आणि शर्यत चालूच असते. यापेक्षा उघड ए-बी-सी परवडली.

दुसरं, गुण एका जागेवरून हटवले की दुसऱ्या जागी वजन वाढतं. डीओ विद्यार्थ्यांच्या 'कॉमलेक्स' या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा आणि एमडीवाल्यांच्या 'यूएसएमएलई'चा पहिला टप्पा, दोन्ही २०२२ मध्ये पास-नापास झाले. आता रेसिडेन्सी देणारे दुसऱ्या टप्प्याचा आकडा पाहतात. अनेक डीओ विद्यार्थी धोका नको म्हणून दोन्हीकडच्या परीक्षा देतात. दुप्पट फी, दुप्पट अभ्यास.

भाचीने परवा होकार दिलेल्या कॉलेजला फोन लावून सरळ विचारलं: आत क्रमवारी लावता का, ती शिफारसपत्रात जाते का, नापास झालेला विषय पुन्हा देता येतो का, आणि गेल्या वर्षी किती मुलं चार वर्षांत बाहेर पडली. पलीकडच्या बाईंनी चारही उत्तरं दिली. ग्रेड ए-बी-सी आहेत, क्रमवारी आहे आणि ती पत्रात जाते. वेटलिस्टवाल्या कॉलेजात पास-नापास आहे, पण तिथून काही कळायला उन्हाळा उजाडेल. शुक्रवारी डिपॉझिटची मुदत होती. तिने पैसे भरले.

तुमच्या नात्यातलं कोणी या रांगेत उभं असेल तर त्याला निकाल कधी आणि टक्के किती, हे दोन प्रश्न सध्या विचारू नका. कॉलेजला वरचे चार प्रश्न विचारलेस का, एवढं जरूर विचारा.