बरणीतलं रान, बडोद्याच्या उन्हाळ्यात

बडोद्याच्या एप्रिलमध्ये नेचे जगवणं कठीण. गॅलरीतल्या कुंडीतली पानं दुपारपर्यंत कडेने करपतात. म्हणून यंदा मी काचेच्या बरणीत टेरॅरियम, म्हणजे बंद काचेतली छोटी बाग, केलं.

ही कल्पना लंडनच्या डॉ. नॅथनियल वॉर्ड यांची. 1829च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली आणि आत नेचा उगवला! पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते, थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. पुढे अशाच काचपेट्यांतून चिनी चहाची रोपं भारतात आली.

माझ्या बरणीच्या तळाला दोन बोटं बारीक खडी, वर लाकडी कोळशाचा चुरा (म्हणजे बरणीत वास येत नाही), मग कोकोपीट मिसळलेली माती. फिटोनिया, छोटा नेचा, आणि पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर येतं ते शेवाळ. सजावटीला नर्मदेचे दोन गोटे पुरेत. प्लास्टिकची हरणं मला तरी आवडत नाहीत. निवडुंग आणि सक्युलंट बंद बरणीत लावू नका, कुजतात.

पाणी चमच्याने घाला. काच दिवसभर धुरकट राहिली, तर झाकण काही तास उघडं ठेवा. आणि थेट ऊन नकोच, बरणीत रोपं अक्षरशः शिजतात.