प्लेटलेट्स आणि तुटलेला मज्जातंतू

डेंग्यूची साथ आली की घरोघरी प्लेटलेट्सचा आकडा विचारला जातो. तो दीड लाखाच्या खाली उतरला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. रक्त गोठवणं हेच या पेशींचं काम, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण त्यांच्या पोटातल्या सूक्ष्म कणांत वाढीला चालना देणारी प्रथिनंही साठवलेली असतात. त्यांच्या जोरावर हातापायांतले जायबंदी मज्जातंतू सांधायला मदत होईल का, यावर गेली काही वर्षं बरंच काम चाललं आहे.

मुळात हे मज्जातंतू पुन्हा वाढतात. मेंदू आणि मज्जारज्जूला ते जवळजवळ जमत नाही. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून पाहिले, तेव्हा कापलेल्या जागेच्या पुढचा भाग झडून जातो हे दिसलं. मात्र तंतूंना वेढणाऱ्या तिथल्या श्वान पेशी टिकून राहतात, रांगा धरतात, आणि मांडवावर वेल चढावा तसा नवा तंतू त्यांच्या आधाराने पुढे सरकतो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. खरी अडचण इथेच आहे. कोपराशी तुटलेल्या तंतूला तळहातातल्या स्नायूंपर्यंत पोचायला दहा-अकरा महिने लागतात, आणि संदेशाविना पडून राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होऊ लागतो. दंडाजवळ किंवा काखेत जखम असेल तर शर्यत बहुधा हरलेलीच.

शस्त्रक्रियेत दोन्ही टोकं सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवतात. मधला तुकडाच गेला असेल तर पोटरीतला एक संवेदी मज्जातंतू काढून तिथे जोडतात. पावलाची बाहेरची कड बधिर होते, ती त्याची किंमत.

प्लेटलेट्स इथे शिरल्या त्या दंतवैद्यकाच्या दारातून. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात प्लेटलेट्सयुक्त प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, वापरल्याचे निष्कर्ष मांडले. स्पेनमध्ये एदुआर्दो अनितुआ यांनीही जवळपास त्याच काळात ही वाट धरली. कृती सोपी: रुग्णाचंच रक्त घ्यायचं, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घालायचं, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेट्सचा थर वेगळा काढायचा. कॅल्शियम घातलं की त्यातून फायब्रिनचं जाळं तयार होतं. वाढीची प्रथिनं श्वान पेशींना आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात, तर जाळं तंतूला आधार देतं, असा तर्क आहे. रक्त स्वतःचंच, त्यामुळे शरीराने ते नाकारण्याची भीती नाही.

पुरावा मात्र विरळ आहे. प्वेर्तो रिकोच्या डेमियन कफलर यांच्या गटाने २०११ मध्ये एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. हातातल्या अल्नर मज्जातंतूत १२ सेंटिमीटरची पोकळी, इजा तीन वर्षांहून जुनी. कोलॅजनच्या नळीत पीआरपी भरून ती सांधली आणि हाताचं कार्य परतलं. थक्क करणारी गोष्ट, पण रुग्ण एकच. तैवानमध्ये मनगटात नस दबलेल्या ६० जणांवर २०१७ मध्ये चाचणी झाली. पीआरपीच्या एका इंजेक्शनाने सहा महिन्यांनी निव्वळ पट्टी बांधलेल्यांपेक्षा जास्त आराम दिसला. पण पट्टी आणि सुई यांतला फरक रुग्णाला कळतोच.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची चाचणी इंडोनेशियातली, कुष्ठरुग्णांवरची आहे, कारण जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात सापडतात. इंडोनेशियात २०१४ मध्ये कुष्ठरोगाने मज्जातंतू बिघडलेल्या ६० रुग्णांना मज्जातंतूभोवती इंजेक्शन दिलं. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना प्लेटलेट्स कमी असलेला प्लाझ्मा. पीआरपीवाल्यांची संवेदना जास्त सुधारली. मोजणी मात्र दोन आठवड्यांनी झाली. तेवढ्यात तंतू दीडएक सेंटिमीटर वाढणार! म्हणजे हा लाभ नव्या वाढीचा नसून सूज उतरल्याचा असावा, असं मला वाटतं. तोही कमी मोलाचा नाही.

बाकी बहुतेक प्रयोग उंदीर आणि सशांवरचे. उंदराचा मज्जातंतू मुळातच चांगला भरून येतो आणि त्याला अंतरही थोडंच कापायचं असतं. शिवाय पीआरपी म्हणजे एकच ठरावीक औषध नव्हे. प्लेटलेट्स किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, हे यंत्रागणिक बदलतं. मग दोन अभ्यासांची तुलना करायची कशी?

आजच्या घडीला पीआरपी हा फार तर शस्त्रक्रियेचा जोडीदार आहे, पर्याय नाही. काच किंवा कोयता लागून बोट बधिर झालं, तर वरची कातडी शिवून घरी परतू नका. मज्जातंतू तपासून घ्या, आणि तो तुटला असेल तर हाताच्या शल्यविशारदाकडे लगेच जा. इंजेक्शनाची चौकशी त्यानंतर करा.