संगणक सुरू होत नाही तेव्हा

ग्रामपंचायतीचा संगणक कळ दाबूनही निपचित राहिला की, सारे दप्तर बुडाले अशी धास्ती पसरते. ती बहुधा अनाठायी असते. नोंदी हार्ड डिस्कवर असतात आणि दोष सहसा वीजपुरवठ्याच्या वाटेवर. म्हणून तपासणीचा आरंभ भिंतीपासून करावा. त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. नंतर यूपीएस वगळून संगणक थेट जोडावा. पेटीच्या मागील बाजूचा खटका झाडलोटीत बंद झाला असेल, हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही! एवढ्याने न भागल्यास वायर काढून दर्शनी कळ १५ सेकंद दाबून धरावी व पुन्हा जोडणी करावी. तरीही पंखा फिरला नाही, तर एसएमपीएस तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा. तो स्वतः उघडू नये. वीज तोडल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार उरलेला असू शकतो.