बर्फावरचा अपुरा सामना

आइस हॉकी या खेळातील सर्वांत मानाचा चषक म्हणजे ‘स्टॅनले कप’. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी तो १८९२ साली देऊ केला. जिंकणाऱ्या संघाचे नाव त्यावर कोरण्याची प्रथा आहे. या नावांमध्ये १९१९ सालापुढे मात्र एक चमत्कारिक नोंद आढळते. तेथे एक सोडून दोन संघांची नावे आहेत, माँट्रिऑल कॅनेडियन्स आणि सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स. त्यांखाली स्पर्धा पूर्ण झाली नाही, अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या वर्षी कोणीच जिंकले नाही आणि कोणीच हरले नाही. खेळ थांबवणारा तिसराच एक प्रतिस्पर्धी मैदानात उतरला होता आणि तो डोळ्यांना दिसत नव्हता. तो होता इन्फ्लुएंझाचा विषाणू.

धडधाकट, तरुण, कसलेले खेळाडू दोन दिवसांत अंथरुणाला कसे खिळले? आणि शंभर वर्षांनंतर पुन्हा एक महासाथ आली तेव्हा हाच खेळ कसा खेळला गेला? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना साथीच्या रोगांचे शास्त्र आपल्याला बरेचसे समजून येते.

सहावा सामना झालाच नाही

प्रथम त्या वर्षीची हकिकत पाहू. कॅनडातील ‘नॅशनल हॉकी लीग’ ही व्यावसायिक संघांची संघटना तेव्हा अवघ्या दुसऱ्या वर्षात होती. तीत तीनच संघ होते. त्यांपैकी टोरंटोच्या संघाने हंगाम संपण्यापूर्वीच माघार घेतली. उरलेल्या दोघांत माँट्रिऑलने ओटावाला हरवले आणि पश्चिम किनाऱ्यावरील विजेत्या संघाशी अंतिम लढत देण्यासाठी आगगाडीने सारे खंड ओलांडून हा संघ अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी गेला.

१९ मार्च १९१९ रोजी पहिला सामना झाला. तो सिअ‍ॅटलने ७-० असा जिंकला. दुसरा माँट्रिऑलने ४-२ असा, तर तिसरा पुन्हा सिअ‍ॅटलने ७-२ असा जिंकला. चौथा सामना जादा वेळ खेळूनही ०-० असा बरोबरीत सुटला. पाचव्या सामन्यात सिअ‍ॅटल ३-० असे पुढे होते, पण माँट्रिऑलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ४-३ असा विजय मिळवला. दोघांचे दोन-दोन विजय झाले. आता १ एप्रिलचा सहावा सामना निर्णायक ठरणार होता.

पाचव्या सामन्यातच माँट्रिऑलचा बचावपटू जो हॉल याला बरे वाटेनासे झाले आणि तो खेळ अर्धवट टाकून बाहेर गेला. पुढच्या दोन दिवसांत त्याच्यासह पाच खेळाडू आणि व्यवस्थापक जॉर्ज केनेडी तापाने फणफणले. त्या काळी संघात जेमतेम दहाएक खेळाडू असत. निम्मा संघ अंथरुणावर पडल्यावर खेळायचे कोणी? सामना सुरू होण्यास काही तास उरले असताना तो रद्द करण्यात आला. केनेडी यांनी चषक सिअ‍ॅटलला देऊन टाकण्याची तयारी दाखवली. नियमाप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते. परंतु आजारी पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून असा चषक घेण्यास सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी नकार दिला.

बाकीचे खेळाडू हळूहळू बरे झाले. जो हॉलला मात्र न्युमोनिया झाला आणि ५ एप्रिल रोजी सिअ‍ॅटलच्या रुग्णालयात तो मरण पावला. तेव्हा त्याचे वय ३७ वर्षे होते. केनेडींची प्रकृती त्यानंतर कधी पूर्ववत झाली नाही आणि १९२१ साली तेही गेले.

मुंबई ते सिअ‍ॅटल

ही साथ १९१८ साली सुरू झाली. पहिले महायुद्ध चालू होते. सैनिकांनी भरलेली जहाजे आणि आगगाड्या जगभर फिरत होत्या आणि त्यांच्याबरोबर रोगही फिरत होता. जून १९१८ मध्ये मुंबईतील काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ही आपल्याकडील साथीची सुरुवात होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आणि अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सर्व भारतात मिळून सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा थोडी कमीच भरली, याचे हे एक मोठे कारण.

सिअ‍ॅटलमध्येही ऑक्टोबर १९१८ मध्ये शाळा, नाटकगृहे व चर्च बंद करण्यात आली आणि लोकांना तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधावी लागली. नोव्हेंबरात युद्ध संपले, निर्बंध उठले, लोक रस्त्यावर आले. साथ संपली असे सर्वांना वाटले. पण १९१९ च्या आरंभी तिसरी लाट आली. हॉकीचे सामने नेमके या लाटेत सापडले. साथ ओसरू लागणे आणि साथ संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवा.

रोग कसा पसरतो?

तुम्ही म्हणाल, हे खेळाडू बर्फावर खेळत होते, तेव्हा थंडीनेच आजारी पडले असतील. ही समजूत चुकीची आहे. नुसत्या थंडीने फ्लू होत नाही. विषाणू शरीरात शिरल्याशिवाय हा रोग होऊच शकत नाही. मात्र थंडी विषाणूला मदत करते. थंड व कोरड्या हवेत तो अधिक काळ टिकतो आणि आपल्या नाकाघशातील ओलसर अस्तर कोरडे पडल्याने त्याला अटकाव कमी होतो.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर असतो. असे दहा हजार विषाणू एका ओळीत ठेवले तर एक मिलिमीटर लांबी भरेल! पण तो एकटा प्रवास करीत नाही. आपण खोकतो, शिंकतो, बोलतो, ओरडतो किंवा नुसता श्वास सोडतो तेव्हा पाण्याचे असंख्य सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. विषाणू त्यांवर स्वार होऊन येतो. मोठे थेंब लवकर खाली पडतात, अगदी बारीक तुषार मात्र बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

आता बर्फाच्या मैदानाचा विचार करा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. हॉकीपटू ऐन खेळात असताना हेच प्रमाण १०० लिटरच्याही पुढे जाते. म्हणजे तो इतरांपेक्षा कितीतरी अधिक तुषार सोडतो आणि इतरांनी सोडलेलेही अधिक ओढून घेतो. खेळ मोठ्या बंदिस्त सभागृहात चालतो. बर्फालगतची हवा थंड व जड, तर वरची हवा उबदार व हलकी असते. त्यामुळे खालची हवा वर जात नाही. हिवाळ्यातील पहाटे गावावर चुलींच्या धुराचा थर तरंगत राहिलेला तुम्ही पाहिला असेल. तोच प्रकार येथे होतो. आधुनिक मैदानाभोवतीची उंच पारदर्शक भिंत या हवेला अधिकच कोंडून ठेवते. खेळाआधी व नंतर सारे खेळाडू कपडे बदलण्याच्या लहान खोलीत दाटीने बसतात, ते वेगळेच.

याचा पुरावा १६ जून २०२० रोजी मिळाला. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात हौशी खेळाडूंचा एक सामना झाला. दोन्ही संघांत मिळून २२ खेळाडू होते. त्यांपैकी १४ जण आणि मैदानावरील एक कर्मचारी पुढील काही दिवसांत कोविड-१९ने आजारी पडले. एकाच खेळाडूकडून हा संसर्ग झाला असावा, असे तपासणीत दिसून आले.

निरोगी दिसणारा रोगी

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला ‘परिपाककाल’ म्हणतात. इन्फ्लुएंझात हा काळ साधारण १ ते ४ दिवसांचा असतो, तर कोविड-१९च्या मूळ विषाणूत तो सरासरी ५ दिवसांचा होता. गंमत अशी, की लक्षणे दिसण्याच्या आधीच माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो. १९१९ साली पाचवा सामना खेळणारे खेळाडू निरोगी दिसत होते, पण त्यांपैकी काहींच्या श्वासमार्गात विषाणू आधीच वाढत होता.

थोडे गणित करू. समजा एक रोगी तिघांना रोग देतो. ते तिघे प्रत्येकी आणखी तिघांना देतात. पहिल्या फेरीत ३, दुसरीत ९, तिसरीत २७, चौथीत ८१! दहा माणसांचा संघ दुसऱ्या फेरीतच संपतो. आता एका रोग्याने तिघांऐवजी सरासरी एकापेक्षाही कमी माणसांना रोग दिला तर काय होईल? साखळी आपोआप तुटेल. साथ रोखण्याचे सारे उपाय म्हणजे हा आकडा एकच्या खाली आणण्याची धडपड होय.

तरुणच का दगावले?

फ्लूने सहसा लहान मुले व वृद्ध दगावतात. १९१८च्या साथीत मात्र २० ते ४० वर्षांच्या माणसांचे मृत्यू फार झाले. जो हॉल याच गटातला. याची कारणे अनेक असावीत. एक म्हणजे, तरुण शरीराची संरक्षण यंत्रणा इतक्या जोराने प्रतिकार करी, की त्यात फुप्फुसांचीच हानी होई. दुसरे असे, की वृद्धांना लहानपणी अशाच एखाद्या विषाणूची ओळख झालेली असावी. विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसांवर मग जिवाणू हल्ला करीत आणि न्युमोनिया होई. त्यावर औषध नव्हते, कारण पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली.

डॉक्टरांना तर खरा शत्रूही ठाऊक नव्हता. फ्लू एका जिवाणूमुळे होतो असा तेव्हा समज होता. माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा केला तो १९३३ साली, स्मिथ, अँड्र्यूझ आणि लेडलॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी. १९१८चा विषाणू नेमका कसा होता, हे कळायला आणखी कितीतरी वर्षे लागली. अलास्कातील गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका साथीच्या बळीच्या फुप्फुसाचा तुकडा योहान हुल्टिन यांनी १९९७ साली मिळवला. त्याच्या आणि जुन्या लष्करी नमुन्यांच्या आधारे जेफ्री टॉबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पर्यंत त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना वाचून काढली. तो एच१एन१ प्रकारचा होता.

शंभर वर्षांनंतर

१२ मार्च २०२० रोजी कोविड-१९मुळे नॅशनल हॉकी लीगने आपला हंगाम थांबवला. १ ऑगस्टला खेळ पुन्हा सुरू झाला, पण निराळ्या पद्धतीने. २४ संघांना टोरंटो व एडमंटन या दोन शहरांत ठेवण्यात आले. हॉटेल ते मैदान एवढेच त्यांचे जग. बाहेरच्या कोणाला आत प्रवेश नाही, आणि प्रेक्षक तर नाहीतच. याला ‘बुडबुडा’ असे नाव पडले. आतील प्रत्येकाची रोज तपासणी होई.

ही तपासणी पीसीआर पद्धतीची होती. नाकाघशातील स्रावात विषाणूची जनुकीय द्रव्ये अगदी थोडी असली, तरी त्यांच्या नकला काढून ती वाढवता येतात. प्रत्येक आवर्तनात नकला दुप्पट होतात. ३० आवर्तनांनंतर एकाच्या किती होतील? २चा ३०वा घात करा. उत्तर येईल सुमारे १०७ कोटी! १९१९ साली असे साधन असते, तर कोणता खेळाडू रोग घेऊन बर्फावर उतरत आहे हे आधीच कळण्याचा संभव होता. बुडबुड्यात सुमारे दोन महिन्यांत ३३ हजारांहून अधिक तपासण्या झाल्या आणि एकही रोगी सापडला नाही. २८ सप्टेंबर रोजी टँपा बे संघाने चषक जिंकला.

पण गोष्ट येथे संपत नाही. पुढच्या हंगामात बुडबुडा नव्हता. संघ गावोगाव जात, खेळाडू घरी राहत. तपासणी मात्र चालू होती. तरीही मार्च २०२१ च्या अखेरीस व्हँकूवर कॅनक्स संघात एक रोगी आढळला आणि पाहता पाहता २१ खेळाडूंसह २५ जणांना लागण झाली. असे का व्हावे? तपासणी विषाणूला अडवीत नाही, फक्त दाखवते. परिपाककालाच्या आरंभी विषाणू इतका थोडा असतो, की तपासणीतही तो सापडत नाही. सुदैवाने संघातील कोणी दगावले नाही आणि १८ एप्रिलला हा संघ पुन्हा मैदानात उतरला. बुडबुड्याने जे साधले ते नुसत्या तपासणीने साधले नाही, हा यातला धडा आहे. अनेक उपाय एकत्र केले तरच साखळी तुटते.

तुम्ही करून पाहा

खिडक्या-दारे बंद करून खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावा. दुसऱ्या कोपऱ्यातील मित्राला वास यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. उदबत्ती विझवल्यावर वास किती वेळ राहतो तेही लिहा. नंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडून हाच प्रयोग करा. तरंगणारे तुषार थोडेफार या धुरासारखेच वागतात. वर्गात कोणी खोकत असेल तेव्हा खिडक्या उघड्या का ठेवाव्यात, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि अंगात ताप असताना ‘आज सामना आहे’ किंवा ‘आज परीक्षा आहे’ म्हणून घराबाहेर पडावेसे वाटले, तर चषकावरील ती दोन नावांची नोंद आठवा. सामने पुन्हा खेळता येतात. जो हॉल मात्र पुन्हा बर्फावर उतरला नाही.