एचटीएमएलचा पसारा : नजरेचा आणि अर्थाचा

एखाद्या संकेतस्थळाच्या पानाचा ‘सोर्स’ प्रथमच उघडणाऱ्या माणसाच्या नजरेस कोनकंस, अवतरणचिन्हे आणि निरर्थक भासणारी अक्षरे यांचा जो अखंड लोंढा पडतो, त्यावरून हे लिहिणारा बेशिस्त असला पाहिजे, असा निष्कर्ष तो बहुधा तत्काळ काढतो. आणि अशी पाने ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलविषयीचा पहिला गैरसमज येथेच रुजतो. वस्तुतः सलग रिकाम्या जागा आणि नव्या ओळी यांना ब्राउझर सामान्यतः एकाच रिकाम्या जागेइतकी किंमत देतो, आणि म्हणूनच मोठी संकेतस्थळे पान लवकर पोहोचावे यासाठी या जागा यंत्राकरवी हेतुपुरस्सर काढून टाकतात. परिच्छेदाचा किंवा यादीतील कलमाचा शेवटचा टॅग, म्हणजे कोनकंसांतील खूण, कित्येक ठिकाणी गाळण्याची मुभा तर खुद्द नियमावलीनेच दिलेली आहे. तेव्हा जो गोंधळ केवळ डोळ्यांस खुपतो, त्यास दोष मानण्याचे कारण नाही.

उरलेल्या गोंधळाचाही पुष्कळसा भाग निष्काळजीपणापेक्षा इतिहासाच्या खाती जमा करावा लागतो. मांडणीसाठी स्वतंत्र भाषा असावी म्हणून सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली खरी, परंतु ब्राउझरांनी ती नीट अंगीकारण्यास आणखी काही वर्षे गेली, आणि तोवर पानाचे रकाने पाडण्यासाठी तक्त्याच्या पोटात तक्ता घालण्याची वहिवाट पडून गेली होती. ईमेलने येणाऱ्या वार्तापत्रांत ती आजही दिसते, कारण टपाल दाखवणाऱ्या सर्वच प्रोग्रामांस अर्वाचीन नियम कळतात असे नाही.

असा मजकूर पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत क्रमाने वाचला म्हणजे समजेल, ही समजूत मात्र वाचकाचा वेळ सर्वाधिक दवडते. पेशवे दफ्तरातील मोडी कागद हाती घेणारा जाणकार, शब्दांमध्ये अंतर नसलेल्या त्या लेखनात आधी मायना कोठे संपतो, तारीख कोठे आहे, लेखनसीमा कोठे आहे हे पाहतो आणि मग तपशिलाकडे वळतो. एचटीएमएलच्या वाचकानेही हीच रीत धरावी. शीर्षभागातील स्क्रिप्ट आणि शैलीचे नियम प्रारंभी सोडून द्यावेत. देहभागात मथळे, मुख्य मजकूर, दिशादर्शक दुवे आणि फॉर्म एवढीच ठाणी हेरावीत. यंत्राने पाडलेली क्लासची विचित्र नावे अर्थासाठी धुंडाळू नयेत. त्याहून सोपी वाट अशी की, पडद्यावर दिसणाऱ्या ज्या वाक्याचे मूळ हवे असेल त्यावर उजवी कळ दाबून ब्राउझरचे ‘इन्स्पेक्ट’ उघडावे आणि त्या वाक्यापासून त्यास पोटात घेणाऱ्या टॅगकडे, म्हणजे त्याच्या जनकाकडे, तेथून त्याच्याही जनकाकडे, असे वर चढत जावे. येथे टॅगांचा जो वृक्ष दिसतो तो सोर्सची तंतोतंत नक्कल नसतो, हेही ध्यानी ठेवावे. कारण ब्राउझर उघडे राहिलेले टॅग मिटवतो, तक्त्यात लेखकाने न लिहिलेला टीबॉडी हा टॅग स्वतः घालतो, आणि स्क्रिप्ट पुढे त्यात आणखी फेरफार करते.

चुका एवढ्या होतात तर कडक शासन करावे, असेही अनेकांस वाटते. हा उपाय करून झालेला आहे, आणि त्याच्या कथेत कॅनडाचा वाटा मोठा आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाशब्दकोशास संगणकावर आणण्याच्या कामात ऑन्टारिओतील वॉटर्लू विद्यापीठ १९८० च्या दशकात सहभागी होते. त्या प्रकल्पात काम केलेले टिम ब्रे हे पुढे १० फेब्रुवारी १९९८ रोजी मान्यता पावलेल्या एक्सएमएल या टॅगांच्याच भाषेच्या संपादकांपैकी एक झाले. रचनेत एक जरी मूलभूत चूक आढळली तरी वाचन तेथेच थांबवावे, असा एक्सएमएलचा दंडक होता, आणि २००० सालच्या एक्सएचटीएमएलने तो संकेतस्थळांच्या पानांस लावू पाहिला. परंतु लेखकाच्या एका विसरलेल्या टॅगपायी निरपराध वाचकाला मजकुराऐवजी दोषसूचना वाचावी लागावी, हे व्यवहारास मानवले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ ने उलट, मोडकी रचना कशी दुरुस्त करून घ्यावी याची पायरीपायरीची नियमावलीच लिहून काढली, जेणेकरून सर्व ब्राउझर एकाच रीतीने दुरुस्ती करतील. मात्र दुरुस्त झालेला वृक्ष लेखकाच्या मनातला असेलच, याची हमी ती नियमावली देत नाही.

टोरोंटोच्या युरी रुबिन्स्की यांनी, ज्यांच्या सॉफ्टक्वाड कंपनीने १९९४ साली हॉटमेटल हा शिस्तप्रिय एचटीएमएल-संपादक बाजारात आणला आणि ज्यांना जानेवारी १९९६ मध्ये अकाली मृत्यू आला, रचनेच्या शुद्धतेचा संबंध छापील अक्षर वाचू न शकणाऱ्या वाचकांशी फार लवकर जोडला होता. पान दिसते नीट, म्हणजे ते आहे नीट, या सर्वांत घातक गैरसमजाची बाधा कोणास होते, हे ते जाणत होते. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर रंग आणि आकार पाहत नाही. तो रचना वाचून दाखवतो. चौकटीशेजारी ‘नाव’ असे छापलेले असूनही लेबलने ते चौकटीशी जोडलेले नसेल, तर ऐकणाऱ्यास एक अनामिक चौकट तेवढी कळते. ठळक अक्षरांत रंगवलेला मथळा मथळ्याच्या टॅगमध्ये नसेल, तर मथळ्यावरून मथळ्यावर उडी घेत पान चाळण्याची सोय नाहीशी होते. आणि साध्या डिव्ह टॅगला बटनाचे रूप दिलेले असेल, तर कळफलकाने तेथे पोहोचताच येत नाही.

टोरोंटोच्याच डॉना जोधन या दृष्टिहीन सल्लागार बाईंनी कॅनडाच्या केंद्र सरकारविरुद्ध फिर्याद केली, ती याच प्रश्नावर. सरकारी नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज करणे आणि २००६ च्या जनगणनेचा तक्ता ऑनलाइन भरणे आपणांस परसाहाय्यावाचून शक्य झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आणि सुगम पानांविषयीचे नियम सरकारने स्वतःच कित्येक वर्षांपूर्वी केलेले होते. दूरध्वनी, टपाल किंवा कचेरीत समक्ष येणे हे मार्ग उपलब्ध आहेत, हा सरकारचा बचाव अमान्य करून न्यायमूर्ती मायकेल केलन यांनी २९ नोव्हेंबर २०१० रोजी निवाडा दिला की, घटनेच्या हक्कसनदेतील पंधराव्या कलमाने दिलेल्या समतेचा येथे भंग झालेला आहे, आणि दुरुस्तीसाठी पंधरा महिन्यांची मुदत घालून दिली. मे २०१२ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने निवाड्याची व्याप्ती काहीशी आटोपशीर केली, परंतु त्याचा गाभा कायम ठेवला. दरम्यान २०११ साली केंद्र सरकारच्या ट्रेझरी बोर्डाने नवे मानक लागू केले, आणि २०१९ च्या सुगमतेच्या कायद्याने १ जानेवारी २०४० पर्यंत अडथळामुक्त कॅनडाचे उद्दिष्ट ठेवले. ज्यांना कोनकंसांचा हिशेब हा तंत्रज्ञांच्या खोलीतील किरकोळ बाब वाटतो, त्यांनी हा निवाडा अवश्य वाचावा.

पाने तपासणारी यंत्रे आता विनामूल्य मिळतात, आणि त्यांनी ‘निर्दोष’ म्हटले की काम संपले, असे मानले जाते. चित्रास पर्यायी मजकूर आहे की नाही, हे यंत्र सांगते. त्या जागी ‘चित्र १’ एवढेच लिहिलेले असेल तर चित्र न पाहणाऱ्यास काय कळणार, हे ते सांगत नाही. पानाच्या मुळाशी भाषेची नोंद आहे, एवढे ते पाहते. परंतु इंग्रजी आणि फ्रेंच जोडीने चालणाऱ्या कॅनडात फ्रेंच पानाच्या माथ्यावर इंग्रजीची नोंद नकळत राहून गेली, अथवा टोरोंटोतील मराठी कुटुंबांसाठीच्या पानावर मराठीऐवजी इंग्रजी नोंदली गेली, तर स्क्रीन रीडर तो मजकूर इंग्रजी उच्चारांच्या आवाजाकडे सोपवतो, आणि तपासणीत उत्तीर्ण झालेले ते पान ऐकणाऱ्यास अगम्यच राहते.